मतलईवर वाळलेले मॅकरॉन

२००९ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. केळव्याच्या आमच्या घरात माझी नवी सून मारिसेल फरशीवर बसून बॅग उघडत होती. ती आणि माझा मुलगा निनाद आदल्या दिवशीच सिंगापूरहून आले होते. बॅगेचं झाकण वर झालं आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

आत सगळं जांभळं झालं होतं. निनादचे शर्ट जांभळे, माझ्यासाठी आणलेली शाल जांभळी, आणि मधोमध एका फुटक्या बरणीच्या काचा.

निनाद दारातून डोकावला. "वा! हळदीच्या आधीच रंगपंचमी?"

मारिसेल हसली नाही. ती एकेक काच वेचून कागदावर ठेवायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, पण मुलांना धडा शिकवणं वेगळं आणि सुनेचे डोळे भरून आलेले असताना इंग्रजीत काही बोलणं वेगळं. मी नुसतीच तिच्या शेजारी बसले.

"माझ्या आईने करून पाठवलेला उबेचा मुरंबा होता," ती म्हणाली. "निनादच्या मोठीआईसाठी मॅकरॉन करणार होते. आता नुसती बदामाची पूड उरली."

मॅकरॉन म्हणजे काय ते तिने मला फोनवर दाखवलं. बदामाची पूड, पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांची छोटी गोल बिस्किटं, दोन बिस्किटांच्या मध्ये मऊ सारण. सिंगापूरच्या एका हॉटेलात ती गोड पदार्थ करायची. तिथे हेच तिचं रोजचं काम.

मी शाल उचलून नाकाशी नेली. दुधाचा वास, लोण्याचा वास, आणि त्यांच्या खाली ओळखीचा असा मातकट गोडसर वास.

"निनाद, अरे हे तर कोनफळ!"

"आई, तो उबे आहे. तिच्या माहेरी, बोहोल बेटावर होतो."

"तुझ्या बोहोलला सांग, मागच्या वाडीतही होतो म्हणावं. ताईंच्या उकडहंडीच्या भाजीतल्या जांभळ्या फोडी कोण वेचून वेचून खायचं?"

ताईंचं नाव निघालं तसा निनाद दारातून मागे वळला.

द्वारकाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी शाळेत जायचे आणि निनाद त्यांच्यापाशी राहायचा. त्याला भात भरवला त्यांनी, पोहायला शिकवलं त्यांनी, आणि मी मारायला धावले की तो लपायचा त्यांच्याच पदराखाली. तो त्यांना मोठीआई म्हणे. घर एकच, मध्ये एक भिंत. माझं स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला, त्यांचं वाडीच्या बाजूला. मधल्या भिंतीतलं दार इतक्या वर्षांत कधी बंद झालं नव्हतं. निनादने सिंगापुरात नोंदणी करून लग्न केलं आणि ते झाल्यावर फोटो पाठवला, त्या दिवशी ताईंनी आपल्या बाजूची कडी लावली.

आता रविवारी आम्ही घरच्या घरी हळद लावायची, सोमवारी देवळात माळा घालायच्या आणि चार माणसांना जेवायला बोलवायचं, असं ठरवलं होतं. आल्या आल्या निनाद मागच्या दाराने ताईंकडे गेला होता. लगेच परतला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं होतं.

"हात दुखतात म्हणे. हळद तुझी आई लावेल म्हणे." आणि पुढे म्हणाला, "मला म्हणाली, तू फोटो दाखवलास रे, विचारलं नाहीस."

"मग?"

"मग काय? मोठीआई हळद लावणार नसेल तर मला हळदच नको. कोरडाच जातो देवळात."

दोघंही एकाच हट्टाच्या मातीचे. मला माहीत होतं, ही हळद राहिली तर ते दार पुन्हा उघडायचं नाही. निनाद परत जाईल, ताई इथे भिंतीपलीकडे म्हाताऱ्या होतील आणि मी मध्ये बसून दोघांना एकमेकांची खुशाली सांगत राहीन.

मारिसेलला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर ती बरणी.

मी उठले. "चल, कोनफळ मागून बघू."

ताई मागच्या ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मारिसेल माझ्या मागे उभी राहिली. ताईंनी वर पाहिलं नाही.

"ताई, कोनफळ हवं होतं थोडं."

"कोणाला?"

"घरात."

"घरात म्हणजे तुझ्या घरात."

"माझ्या आणि तुमच्या घरात काय फरक आहे?"

"फरक नसता तर विचारायला आली असतीस? खणून नेलं असतंस." त्यांनी वालाची टरफलं सुपात झटकली. "आणि आज गुरुवार आहे. त्या परदेशी मिठाईत अंडी असतात, टीव्हीवर बघितलंय मी. गुरुवारी या घरात अंडं फुटायचं नाही."

"अंडी उद्या. आज नुसतं कोनफळ."

"ज्याला हवं त्याने खणावं. माझे हात दुखतात."

मी मारिसेलला सांगितलं. तिने मान डोलावली, चपला काढल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. वाडीत केळींच्या पलीकडे सुपारीच्या झाडावर कोनफळाचा वेल चढवलेला होता. पानं पिवळी पडून वाळायला लागली होती, म्हणजे कंद तयार होता. मारिसेलने वेल बघितला आणि बॅग उघडल्यापासून पहिल्यांदा हसली. कोपऱ्यातलं खुरपं घेऊन ती लांबून माती उकरायला लागली, आपण बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढतो तशी.

एवढ्यात समोरच्या रस्त्यावरून बर्फवाल्याची हाक आली. रविवारच्या सरबतासाठी बर्फ सांगायचा होता, म्हणून मी पुढे गेले. परत आले तेव्हा मारिसेल विहिरीपाशी कंद हातात धरून उभी होती, मातीने माखलेली, आणि तिच्या ओठालाही माती लागलेली.

"अगं, कच्चं खाल्लंस की काय?"

ती लाजली. "नाही," एवढंच म्हणाली.

ओटीवर ताई नव्हत्या. वालांचं सूप तसंच पडलं होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी होती.

त्या संध्याकाळी मुरंबा झाला. कोनफळ उकडून, सोलून, किसून तिने दूध, साखर आणि लोण्यात घोटलं. मी दुधीहलवा घोटते तसंच की! फक्त रंग असा, की कढईत कोणीतरी पैठणी विरघळवली आहे. निनादने कढई खरवडून खाल्ली. मारिसेल चाखून म्हणाली, "आईचा जास्त गुळगुळीत असतो. पण हाच आहे. अगदी हाच."

शुक्रवारी सकाळी अंडी आली आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली.

माझ्याकडे गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. नानकटाईसाठी घेतलेला. मारिसेलने त्याला चहूबाजूंनी बघितलं आणि नम्रपणे म्हणाली, "गोड आहे." म्हणजे काही कामाचा नाही. पण तिने तक्रार केली नाही. पांढरा बलक फेटून फेटून त्याचा कापूस केला, त्यात बदामाची पूड आणि पिठीसाखर हलक्या हाताने मिसळली. पिशवीऐवजी मी तिला मेंदीच्या कोनासारखा प्लास्टिकचा कोन करून दिला. बटर पेपरवर तिने छोट्या छोट्या टिकल्या पाडल्या, सगळ्या एका मापाच्या.

"आता या वाळायला हव्यात," ती म्हणाली. "वर कोरडी साय धरली पाहिजे. बोट लावलं तर चिकटायला नको. मगच भाजायचं."

आम्ही ताटं समुद्राकडच्या खिडकीत ठेवली. छान वारा होता. तासाने बोट लावलं, चिकट. जेवणं झाली, चिकट. दुपार कलली तरी चिकटच. शेवटी कंटाळून भाजल्या, तर एकेक टिकली मधोमध तडकली.

निनादने एक उचलून उजेडात धरली. "आई, हे मॅकरॉन की उन्हाळ्यातलं शेत?"

"तू गप बस," मी म्हटलं.

दुसऱ्या घाण्याला मारिसेलने पंखा लावला. त्या टिकल्या पसरून एकमेकींना चिकटल्या आणि ओव्हनमधून एक अखंड घावन बाहेर आलं. पांढरे बलक संपत होते आणि पिवळ्यांचा ढीग साठत होता. निनादने दुपारी भुर्जी खाल्ली, संध्याकाळी भुर्जी खाल्ली, आणि शेजारच्या सावेकाकूंकडेही एक वाडगा पोचवून आला.

"हॉटेलच्या स्वयंपाकघरात एसी असायचा," मारिसेल म्हणाली. ओव्हनसमोर जमिनीवर बसून ती घावनाचे तुकडे करत होती. "हवेचा मी कधी विचारच केला नाही." मग तिने निनादकडे न बघता विचारलं, "बदामाची पूड एकाच घाण्याची उरली आहे. तोही बिघडला तर मी रिकाम्या हातांनी त्यांच्याकडे जाऊ?"

निनाद तिच्या शेजारी बसून तुकडे गोळा करायला लागला.

तेवढ्यात भिंतीवर थापा पडल्या. पलीकडून, ताईंच्या बाजूने.

"शरयू!"

कडी लागल्यापासून त्या भिंतीतून पहिल्यांदाच माझं नाव आलं होतं. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "काय हो ताई?"

"दोन दिवस काय धुमाकूळ चाललाय तो? सबंध वाडीत साखर जळल्याचा वास!"

"टिकल्या वाळत नाहीत हो."

"कुठे ठेवल्यात?"

"समुद्राकडच्या खिडकीत."

"डोकं आहे का गो तुला? इतकी वर्षं या घरात काढलीस! खाऱ्या वाऱ्यावर कधी पापड वाळत घातलेस? मीठसुद्धा पाणी धरतं त्या खिडकीत!"

निनाद भिंतीला कान लावून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मी लहानपणचा तो चोरटा आनंद बघितला.

"मग काय करू?" मी मुद्दाम विचारलं.

"काय करू म्हणे! पहाटे मतलई सुटते ना? जमिनीवरून येणारा वारा, कोरडा ठणठणीत. माझी मागची ओटी आहे की पूर्वेला. उद्या उजाडायच्या आत ताटं तिथे आणा. आणि त्या पोरीला सांग, ओल्या केसांनी यायचं नाही. पाणी टपकेल."

मारिसेलला आम्ही दोघांनी एकदम सांगायला सुरुवात केली, त्यामुळे तिला काहीच कळलं नाही. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी मला बोलावलं?"

"तुला नाही, ताटांना बोलावलंय," निनाद म्हणाला. "पण ताटं चालत जात नाहीत ना."

शनिवारी पहाटे आम्ही ताटं घेऊन मागच्या बाजूला गेलो. ताई आंघोळ करून तयार. ओटीवर खाट, खाटेवर स्वच्छ धोतर पसरलेलं, चार कोपऱ्यांना चार वाट्या उलट्या घालून वर झाकायला मलमल. पापड-फेण्यांचा सगळा थाट. सुपारीच्या झाडांमधून गार कोरडा वारा येत होता.

मारिसेलने ताटं मांडली. ताई तिच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पण एका ताटाला वारा लागत नव्हता, ते त्यांनी स्वतः सरकवलं. मग खुर्ची ओढून राखणीला बसल्या, कावळे हाकायची काठी हातात.

थोड्या वेळाने त्यांनी एका टिकलीच्या कडेला करंगळी टेकवली. मारिसेल श्वास रोखून बघत होती. ताईंनी करंगळी उचलली आणि तिच्यासमोर धरली. कोरडी.

मारिसेलने आपली करंगळी त्याच टिकलीला लावली. कोरडी.

"भाज म्हणावं आता," ताई हवेत बघून म्हणाल्या.

ओव्हन त्यांच्याच स्वयंपाकघरात नेला, ताटं हलवायला नकोत म्हणून. मधल्या दाराची कडी त्यासाठी काढावी लागली. ती ताईंनीच काढली, "जड वस्तू आहे, लांबून कुठे फिरवता" असं पुटपुटत. आम्ही सगळे त्या झाकणाच्या काचेभोवती डोकी लावून उभे राहिलो. टिकल्या हळूहळू वर उचलल्या जायला लागल्या आणि त्यांच्या खाली नाजूक झालर फुटली. मारिसेल जागच्या जागी उड्या मारायला लागली आणि तिच्या भाषेत, इंग्रजीत, सगळं एकदम बोलायला लागली.

"काय झालं हिला?" ताईंनी विचारलं.

"ती खालची झालर आली ना, तिला ते लोक पाय म्हणतात," निनादने सांगितलं. "पाय फुटले म्हणजे जमलं."

"मिठाईला पाय?" ताईंनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा काचेतून बघितलं. "अगो बाई, आहेत खरे."

कवचं गार झाल्यावर मारिसेलने त्यांत जांभळं सारण भरलं आणि पहिला मॅकरॉन बशीत ठेवून ताईंसमोर दोन्ही हातांनी धरला. ताईंनी तो उचलला, फिरवून बघितला, अर्धा खाल्ला. निनादने माझा दंड घट्ट धरला होता.

"साखर जास्त आहे," ताई म्हणाल्या.

आणि उरलेला अर्धा खाल्ला. मग बशीतला दुसरा.

निनाद म्हणाला, "मोठीआई, मग उद्या..."

"उद्याचं उद्या. हळद विकतची आणलीय का घरची?"

"विकतची," मी म्हटलं.

"शोभतं का? घरात जातं असताना!" आणि त्या हळकुंडांचा डबा शोधायला आत गेल्या. हात दुखत असल्याचं त्यांना आठवलं नाही, आम्हीही कोणी आठवण करून दिली नाही.

रविवारी मागच्या ओटीवरच हळद झाली. ताईंनी निनादच्या कपाळाला हळद लावली, गालांना लावली, आणि मग उगाच एक चापट मारून म्हणाल्या, "ही न विचारल्याबद्दल." तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्या मारिसेलपुढे आल्या. पिवळी साडी नेसून ती पाटावर आखडून बसली होती. ताईंनी तिच्या कपाळाला, गालांना हळद लावली. हात आवरून घेता घेता थांबल्या आणि तिच्या ओठांखाली, हनुवटीवर एक बोट फिरवलं.

"इथे माती लागली होती गुरुवारी," त्या मला म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही..."

"खिडकीतून बघत होते. तू गेलीस बर्फाच्या मागे. हिच्या हातून कोनफळ निसटलं आणि पायावर पडलं. मला वाटलं आता शिवी हासडेल नाहीतर लाथ मारेल. हिने ते उचललं आणि त्याचा मुका घेतला. कोणी बघत नव्हतं गो, शरयू. दाखवायला नाही केलं." त्या पुन्हा हळदीत बोटं बुडवत म्हणाल्या, "तुला लग्न होऊन आल्यापासून सांगतेय, अन्नाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लाव. तू अजून विसरतेस. हिला न सांगता येतं."

निनादने मारिसेलला भाषांतर करून सांगितलं. ती लाल झाली. म्हणाली, आमच्या बोहोलमध्ये सगळेच करतात. उबे जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायचा, त्याची क्षमा मागायची. आजी सांगायची, एका दुष्काळात सगळं पीक गेलं तेव्हा याच कंदाने आम्हाला जगवलं.

ताईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विचार तिला, त्यांच्याकडे उकडहंडी करतात का."

"नाही म्हणते."

"मग ही शिकल्याशिवाय परत जायची नाही. सांग तिला."

मधल्या दाराला त्यानंतर कडी लागली नाही. पुढे पावसाळ्यात दार फुगलं तेव्हा निनादने ते काढूनच टाकलं, आता तिथे नुसती चौकट आहे. ताई नव्वदी गाठून गेल्या. दर मार्गशीर्षात त्यांच्या ओटीवर खाट पडायची, त्या काठी घेऊन राखणीला बसायच्या आणि दर वर्षी म्हणायच्या की साखर जास्त आहे. शेवटच्या वर्षी मारिसेलने साखर कमी घातली, तर म्हणाल्या, "यंदा मजा नाही." निनादचं पोट सुटलं आहे आणि भुर्जी तो आजही खात नाही. मारिसेलने सिंगापुरात स्वतःचं छोटं दुकान काढलं. तिच्या काचेच्या कपाटात पाटीवर इंग्रजीत उबे लिहिलेलं असतं आणि खाली मराठीत कोनफळ. गोल ओव्हनची काच तडकली, पण तो चालतो. सावेकाकू अजून मला विचारतात, त्या वर्षी तुम्ही आम्हाला एवढी भुर्जी का दिली होती.

मी ब्याऐंशीची आहे. गेल्या मार्गशीर्षात वाडीतून कोनफळ आणताना माझ्या हातून एक गडगडत गेलं आणि नात रेवाच्या पायाशी थांबलं. मला वाकवेना. रेवाने ते उचललं, आधी ओठांना लावलं, मग कपाळाला, आणि दोन्ही जागी माती घेऊन तशीच पुढे धावली.